फाटकापुढचे चार किलोमीटर

मुलगी : गाडीच्या टाकीवर तो फडका अजून किती वेळ फिरवणार आहात, बाबा? मी काहीतरी विचारतेय.

वडील : ऐकतोय ना. तू बोल, माझे हात चालू राहू देत.

मुलगी : गेल्या रविवारी काय झालं?

वडील : फोनवर सांगितलं की. तुझ्या आईला वाटेत चक्कर आली, म्हणून तिला दुधाच्या टेम्पोतून घरी आणलं.

मुलगी : तो टेम्पोवाला काल आमच्या लॅबमध्ये आला होता. साखर तपासायला. मी त्याच्या दंडाला पट्टा बांधतेय आणि तो हसत हसत सांगतोय, "ताई, रविवारी रेल्वेच्या फाटकावर एक आजोबा भेटले. बायकोला तिथेच विसरून पुढे निघून गेले होते. जुनी निळी मोटारसायकल होती." मी आपली सुई धरून उभी.

वडील : निळी कुठली? राखाडी आहे.

मुलगी : बाबा!

वडील : बरं, बस. त्या पायरीवर बस. आई काय करतेय?

मुलगी : झोपलीय. दार ओढून घेतलंय मी. आता खरं सांगा.

वडील : फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. मी इंजिन बंद केलं. तिथे आम्ही नेहमीच बंद करतो. इंजिन थांबलं ना, की कानात आधी नुसतं गुणगुणतं, मग हळूहळू एकेक आवाज वर येतो. पाखरं, गवत, लांब कुठेतरी कुणाचा तरी पंप. ते ऐकायला म्हणून तरी फाटक बंद मिळावं असं वाटायचं आम्हाला. तर मालगाडी गेली धडधडत. त्या धडधडीत ती उतरली असणार. वजन तरी काय राहिलंय तिचं? फाटक उघडलं, मी किक मारली आणि निघालो.

मुलगी : मागे वळून न बघता?

वडील : अडतीस वर्षांत कधी बघावं लागलं नाही.

मुलगी : किती पुढे गेलात?

वडील : चार किलोमीटर.

मुलगी : चार! मागे माणूस नाही हे चार किलोमीटर कळू नये? कमरेला हात नव्हता का तिचा?

वडील : हल्ली ती मागची कडी धरून बसते. महिना झाला. मला वाटलं, बोटं दुखत असतील.

मुलगी : तरीसुद्धा!

वडील : मी बोलत होतो गं. फाटक ओलांडलं की कालव्याच्या कडेचा रस्ता लागतो. एका बाजूला पाणी, दुसरीकडे झाडं. चाळीसच्या वर जायचंच नाही तिथे. सावली-ऊन, सावली-ऊन, असं अंगावरून सरकत राहतं. त्या रस्त्यावरचे टेलिफोनचे खांब मी उभे केलेत, नोकरीला लागलो त्या वर्षी. आता तारा काढून नेल्या, खांब तेवढे राहिलेत. बाविसाव्या खांबावरून मी पडलो होतो. तो किस्सा सांगत होतो तिला.

मुलगी : तो तिला पाठ असेल.

वडील : होता. आता दर वेळी नवा असतो. तेवढाच एक फायदा.

मुलगी : आणि ती काही बोलत नाही हे लक्षात आलं नाही?

वडील : हल्ली कुठे बोलते ती? गप्प बसलेलं माणूस आणि नसलेलं माणूस, पुढे बसलेल्याला सारखंच लागतं.

मुलगी : मग कळलं कसं?

वडील : वळणावर. गाडी फार सहज वळली.

मुलगी : मग?

वडील : गाडी वळवतानाच पडणार होतो. चार किलोमीटर परत येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत आलो. कालव्याच्या पाण्यातसुद्धा बघत होतो. तू विचारू नकोस पुढे.

मुलगी : म्हणून सांगते, ही गाडी आता घरात नको. रागावा, बोलू नका माझ्याशी, पण विकायची म्हणजे विकायची. आजच.

वडील : विकली.

मुलगी : काय?

वडील : पाच वाजता येतोय न्यायला. जनावरांचा डॉक्टर आहे, तरणाताठा. गोठ्यागोठ्यांतून हिंडायला जुनी दणकट गाडी हवी होती त्याला. कागदांवर सह्यासुद्धा झाल्या. म्हणून तर पुसतोय. मळकी कशी द्यायची?

मुलगी : मग मी मघापासून एकटीच भांडतेय की काय?

वडील : भांड की. तुझ्या आवाजाने घर जागं वाटतं.

मुलगी : बाबा, इकडे बघा. मी रागात बोलले. आईला मागे बसवायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही एकटे जा ना. रविवारी मी येऊन बसेन तिच्यापाशी. तुम्ही दोन तास फिरून या, मोकळे होऊन या. आठवडाभर तिचं खाणंपिणं, औषधं, अंघोळ. तुम्हालाही श्वास घ्यायला जागा नको का? त्या डॉक्टरला मी फोन करून नाही म्हणून सांगते.

वडील : नको.

मुलगी : का नको? तिला घरी ठेवून गेलात तर तिला काही कळणारही नाही.

वडील : ती विसरून उतरली नव्हती, बाळ.

मुलगी : म्हणजे?

वडील : मी परत आलो तेव्हा ती फाटकवाल्याच्या खोलीत बसली होती, बाकावर. हातात पाण्याचा पेला. मला बघितलं आणि त्या माणसाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तो मला दारातच अडवून म्हणतो, "आजोबा, आत येऊ नका. या बाई तुम्हाला ओळखत नाहीत."

मुलगी : अरे देवा.

वडील : तिने त्याला सांगितलं होतं, मी कुणा परक्याच्या गाडीवर कशी बसले मलाच कळत नाही. फाटक बंद झालं म्हणून बरं, संधी साधून उतरले. आमच्या ह्यांना कळलं तर काय म्हणतील? रडत होती. लाज वाटत होती तिला. आणि मी म्हणत होतो बोटं दुखतात म्हणून कडी धरते! महिनाभर परक्याच्या कमरेला हात लावायला नको, म्हणून धरत होती ती.

मुलगी : बाबा...

वडील : फाटकवाला भला माणूस. पण त्याने तरी माझ्यावर विश्वास का ठेवावा? मी पाकिटातला फोटो काढून दाखवला. आमचा दोघांचा, गाडी नवी घेतली तेव्हाचा. त्याने तो तिला दाखवला. तिचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! म्हणाली, "हे आमचे मिस्टर. यांचा फोटो या गृहस्थांकडे कसा?" मग फाटकवाला बाहेर रस्त्यावर आला. त्यानेच टेम्पो थांबवला. ती ड्रायव्हरशेजारी बसायला तयार झाली, पण माझ्या मागे नाही.

मुलगी : आणि तुम्ही?

वडील : मी आलो टेम्पोच्या मागून. बाजूच्या आरशात तिचा चेहरा दिसत होता. मी सगळी वाट त्या टेम्पोच्या धुरातून आलो. एकदा हात केला. तिने मान वळवून घेतली.

मुलगी : हे तुम्ही आठ दिवस एकट्याने गिळून बसलात? मला का नाही सांगितलंत?

वडील : काय सांगू? तुझी आई मला बघून पळाली म्हणून?

मुलगी : आणि घरात? घरात ओळखते ना?

वडील : माझ्या हातून गोळ्या घेते. मी जेवायला बोलावलं की येते. ओळख म्हणून की सवय म्हणून, ते विचारायचं धाडस होत नाही. तुला ओळखते ना, तेवढं पुष्कळ आहे. आणि एकटा जा म्हणतेस, तर बुधवारी गेलो होतो. शेजारीण बसली होती आईपाशी. तोच रस्ता, तेच ऊन. बाविसावा खांब आला, तोंड उघडलं, मिटलं. चांगली चालत होती गाडी, तक्रार करायला जागा नव्हती. पहिल्या फाट्यावरून परत आलो. घरी येऊन डॉक्टरला फोन लावला.

मुलगी : द्या तो फडका इकडे. मागचं चाक मी पुसते.

(पाच वाजून गेले आहेत. जनावरांचा डॉक्टर गाडी घेऊन गेला आहे. बाप-लेक पायरीवर बसले आहेत. आतून आई येते. अंगात जाकीट, हातांत मोजे, काखेत हेल्मेट.)

आई : अगबाई, गाडी नाही वाटतं अंगणात?

मुलगी : उठलीस का, आई? ये, बस इथे. हे सगळं कशाला चढवलंस अंगावर?

आई : कशाला म्हणजे? रविवार ना आज! हे पेट्रोल भरायला गेले असतील. आणि हे कोण गं? नमस्कार. आपण यांच्याकडेच आलात ना?

मुलगी : आई, अगं हे बाबाच आपले...

वडील : राहू दे, बाळ. हो बाई, त्यांच्याकडेच आलो होतो.

आई : मग बसा ना, उठलात का? येतीलच इतक्यात. पण आल्यावर आम्ही लगेच निघणार हं. आधीच उशीर झालाय.

वडील : कुठे निघालात?

आई : कुठेच नाही! लोकांना हे खरं वाटत नाही. पण आम्ही खरंच कुठे जात नाही. लहान लहान रस्त्यांनी तीस-चाळीस किलोमीटर जायचं, एखाद्या झाडाखाली डबा खायचा आणि परत यायचं. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, काय या माणसाला वेड लागलंय! मी वाचनालयात दिवसभर पंख्याखाली बसणारी. मागे बसून पाठ धरायची, केसांचा भुसा व्हायचा.

वडील : मग सांगायचं त्यांना, आवडत नाही म्हणून.

आई : सांगणार होते. पण ओढ्याकडे जायचा एक उतार आहे. तिथे भर उन्हातसुद्धा एका जागी एकदम गार लागतं. दहा पावलांपुरतं. ते आलं की हे न चुकता इंजिन बंद करतात आणि मान मागे करून सांगतात, "आला बघ गारवा." जसा काही यांनीच आणून ठेवलाय तिथे! अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, सांगा.

वडील : फार बोलतात का ते?

आई : अखंड! घरात तोंडाला कुलूप आणि गाडीवर बसले की पट्टा सुरू. खांब दिसला की खांबाची गोष्ट. पण खरं सांगू का? मला त्यातलं काही ऐकू येत नाही. वारा, इंजिन आणि कानांवर हा टोप. मी आपली हं हं करते.

वडील : ऐकू येत नाही?

आई : एक अक्षर नाही. पहिल्यापासून.

मुलगी : आई! मग त्यांना कधी सांगितलं का नाहीस?

आई : सांगितलं असतं तर बोलायचे थांबले असते ना. शब्दांचं काय घेऊन बसलीस? त्यांच्या पाठीला गाल टेकला की आतून आवाज येतो. नुसती घरघर. मांजर झोपलेलं असावं तशी. ते ऐकत जायचं. अय्या, या गृहस्थांपुढे काय बोलून गेले मी! आपण राग मानू नका हं.

वडील : नाही. राग कसला?

मुलगी : मी... मी चहा टाकते, बाबा.

वडील : टाक. दोन कप इकडे आण.

आई : अजून कसे आले नाहीत हे? पंपावर गर्दी असेल.

वडील : असेल.

आई : मग हातमोजे काढून ठेवू का? फार घाम येतोय.

वडील : काढा. त्यांना यायला वेळ लागेल.