कोक-बुलाकची काळी रेघ

सन्माननीय अध्यक्ष जिल्हाप्रमुख महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, भूगर्भ कार्यालयातील माझे जुने सहकारी, आणि आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती बुरुलचा सादिरोवा,

माझ्यापूर्वी बोललेल्या कुबान महाशयांचे भाषण ओघवते होते, अचूक नव्हते. कोक-बुलाक गावच्या शाळेखालची भेग बुरुलचा यांना २००९ साली, शाळा उभी राहिल्यावर सापडली, असे ते म्हणाले. ती आधीच सापडली होती. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण ती न मानणारा मनुष्य मीच होतो.

आमच्या पिढीला भेगा दोन शाईंत काढायला शिकवले होते: जिवंत, म्हणजे पुन्हा सरकून भूकंप घडवू शकेल ती तांबडी, मृत ती काळी. तीस कोटी वर्षांच्या खडकातली भेग? काळीच. कुणी विचारतही नसे. कोक-बुलाकची रेघ मी स्वतः काळी ओढली.

बुरुलचा यांनी त्या रेघेवर आडवा चर खणला आणि मला बोलावले. मी काठावरूनच म्हणालो, "अगं, मेलेल्या आजोबाच्या थडग्याला कान लावून बसलीस?"

"थडगं तीनदा उघडलंय, दादा. खाली उतरा. बूट मळतील म्हणून भिताय का?"

उतरलो. एकेकाळी जो पर्वत झिजून सपाट मैदान झाला, त्या मैदानावर साचलेली तांबडी माती समोर होती. आणि त्या मातीखाली असायला हवा तो ग्रॅनाइट तिच्या डोक्यावर चढून बसला होता. जुन्या भेगेनेच नवा पर्वत उचलला होता. वरचे गोट्यांचे थर तीनदा तुटले होते, दर वेळी माणसाच्या उंचीइतके. समुद्रापासून इतक्या दूर, खंडाच्या पोटात, जमीन निश्चिंत असते, असे मी चाळीस वर्षे शिकवत आलो होतो.

"आता?" मी विचारले.

"रेघ तांबडी करा. शाळेचा पाया अजून घातलेला नाही."

"नकाशा राजधानीला, बिश्केकला गेलाय."

"मग परत मागवा की. पोस्ट काय एकाच बाजूनं चालतं?"

मी मागवला नाही. चूक कबूल करण्याची मला भीती वाटली. आज त्या शाळेत दोनशे चौदा मुले बसतात. मी त्याच गावात राहतो. सकाळची घंटा झाली की माझे लक्ष घड्याळाकडे लागते, आणि मुले सुटेपर्यंत मला घास उतरत नाही.

अध्यक्ष महोदय, शाळा हलवण्याचा बुरुलचा यांचा अर्ज आपल्याकडे दीड वर्ष पडून आहे. त्यावरचा शेरा एकच: 'अधिकृत नकाशात भेग मृत.' दुरुस्त नकाशा, माझ्या सहीसह, आपल्या कचेरीत पोहोचला आहे. त्या शेऱ्याला आता आधार उरलेला नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मी ऋणी आहे. समारंभाला न शोभणारे काही बोललो असेन, तर वयाकडे पाहून क्षमा करावी. बुरुलचा यांच्या खांद्यांवर मानाचा झगा, चापान, घालण्यापूर्वी इतिवृत्तात एवढे दुरुस्त करून घ्यावे:

भेग सरकली: सुमारे साडेचार हजार, तीन हजार आणि पंधराशे वर्षांपूर्वी.

चर खणला: ९ जून २००८.

मी चरात उतरलो: १७ जून २००८.

शाळेचा पाया घातला: ४ सप्टेंबर २००८.

रेघ तांबडी केली: काल, ११ मे २०२३.