आरोळीचं माप

नॉर्वेतल्या वॉस गावाची बस चालवताना गुन्वोरबाईंचा डोळा रस्त्यावर होता, पण कान मागच्या बाकावरच्या काका-पुतण्याकडे.

"घरी बियर करण्याच्या कृतींचं तुझं ते सॉफ्टवेअर फुकट आहे ना रे?"

"फुकट, सिग्वेकाका. शिवाय त्यात काय हवं ते लोकच सुचवतात."

"मग मी सुचवलेली आरोळी का उडवलीस? यीस्ट घालताना त्याला जागं करायला आरोळी ठोकायची, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं."

"आरोळीनं बियर फसफसत नाही, काका."

"तुझ्या कृतीबरहुकूम मुकाट्यानं यीस्ट घातलं. पिंपात नुसतं गोड पाणी! शनिवारी माझ्या आस्ताचं लग्न. पाहुण्यांना काय तुझा लॅपटॉप पाजू?"

"बरं, घालतो. पण आरोळी केवढी? माप लागतं."

काकांनी छाती भरून अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या डोंगरावर उन्हाळाभर चरायला सोडलेल्या मेंढ्या महिनाभर आधीच घरी उतरल्या.

गुन्वोरबाईंनी बस करकचून थांबवली आणि त्या उठून मागे आल्या.

"कोण ओरडलं?"

"मी, बाई. चुकलं."

"चुकलंच! असल्या मिळमिळीत आवाजानं यीस्ट आणखी गाढ झोपेल. पोरा, आमच्या खोऱ्याचं माप लिही. पण आधी कानांवर हात ठेव."