आठ दिवस पिशवीत राहिलेलं पत्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक माननीय धर्मराज ठाकूर सर, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे, सहकारी, पालक, मुलींनो, आणि हौसाबाई, तुम्ही. नीट टेकून बसा बघू. तीस वर्षं आमच्यासाठी खुर्च्या मांडल्यात, आज एक तुमची आहे.

हौसाबाई घरत आज शाळेच्या सेवेतून निवृत्त होताहेत. त्यांनी घंटा कशी वेळेवर दिली, ते सरांनी सांगितलंच. मी काय सांगू? मी पडले संशयी बाई. परीक्षेत कुणी खोकलं तरी मी तिच्या पॅडखाली बघते. मुली हसताहेत, म्हणजे खरं आहे. पण विचारते, संशय नेहमी खोटाच असतो का हो?

चौऱ्याण्णव साली आपल्या महिला मंडळानं पंचेचाळिशीपुढच्या बायकांना मुंबईला तपासणीसाठी नेलं. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. सभेत हा शब्द आला म्हणून कुणी खाली बघू नका, खाली बघण्यातच निम्मा घोटाळा होतो. मला काही त्रास नव्हता. सगळ्यांबरोबर गेले, येताना भेळ खाल्ली आणि विसरून गेले. निकाल शाळेच्या पत्त्यावर यायचा होता.

मार्च उजाडला आणि आमच्या घरात सगळे गोड वागायला लागले. जन्मात पाण्याचा तांब्या हातानं न घेतलेले हे, सकाळी उठून चहा टाकायला लागले. आपट्याहून ललितावन्सं वालाची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही पडा जरा." वीस वर्षांत वन्संनी मला कधी पडा म्हटलं होतं? मनात पाल चुकचुकली. कुठंतरी पाणी मुरतंय! शाळेत सरांना विचारलं, "माझं काही पत्र आलं का?" सर म्हणाले, "येईल हो, टपालाचं काय सांगावं!" आणि फळ्याकडे बघत राहिले. सरांचा माझ्यावर लोभ आहे, आजही आहे, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पण मी घाबरले होते. धीट होते असं उगाच सांगणार नाही. आपल्याला काहीतरी झालंय, ते साऱ्या पनवेलला ठाऊक आहे आणि फक्त आपल्याला नाही, असं वाटायचं. वर्गात शिकवताना शब्द हरवायचे. मी यांचे खिसे तपासले, वन्संची पर्ससुद्धा उघडली. वन्सं आल्या असतील तर माफ करा, आत्ताच कळलं असेल.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत हौसाबाई आल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "बाई, तुमचा पत्र आलाय. आठ दिस झाले. मीच सरांना नेऊन दिला. सरांनी तुमचे सायबांना दिला. त्यांनी माझे समोर हापिसाचे पिशवीन ठेवला, डब्याचे खाली."

खिसे बघितले, डब्याची पिशवी नाही बघितली! एवढी मी संशयी.

"मला का सांगताय?" मी विचारलं.

"माझे बहिनीला कोनी सांगला नाय," त्या म्हणाल्या. "सूज हाय, सूज हाय, करत ठेवली. तिला पोरीशी काय बोलाचा व्हता, तो र्‍हायला."

पत्रात लिहिलं होतं, पुढील तपासणीसाठी ताबडतोब यावे. यांच्यासमोर धरलं तर हे रडायला लागले. आमच्या मुलीचे, स्नेहलचे, दहावीचे पेपर चालू होते. 'पेपर होऊ देत, मग सांगू,' असं सरांनी आणि यांनी ठरवलं होतं. प्रेमानंच ठरवलं, मला ठाऊक आहे. पण माझ्या शरीराचं वेळापत्रक बोर्डाच्या वेळापत्रकावर?

दुसऱ्या दिवशी गेलो. हौसाबाई न सांगता रजा टाकून सोबत आल्या. पुन्हा एक्स-रे, मग सुई घालून तपासणी. आठवड्यानं निकालाला बोलावलं, तेव्हाही तिघं. डॉक्टरांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, यांना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या." हे उठले. हौसाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हितंच बोला. आंग तिचा हाय."

डॉक्टर चिडले. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"शालेची शिपाय."

 डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि मला सांगितलं. कॅन्सर आहे, लहान आहे, लवकर सापडलाय. मी हौसाबाईंचा हात इतका आवळला की त्यांची एक काचेची बांगडी फुटली. खूप रडले. पण त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला, कारण आता कुणावर नजर ठेवायची नव्हती.

त्या संध्याकाळी स्नेहलला मीच सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर दिला आणि चांगली पास झाली. माझं ऑपरेशन झालं. त्याला चार वर्षं झाली. दर वर्षी तपासून येते, डॉक्टर मलाच सांगतात "काही नाही," आणि काय सांगू, मी त्यांच्यावर विश्वास ठेवते! संशयी चंद्रावती बाई विश्वास ठेवते.

हौसाबाई, शाळेच्या वतीनं ही साडी. माझ्या वतीनं काय द्यावं ते मला चार वर्षं सुचलेलं नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, यांनी मान खाली न घालता ऐकलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर उदार मनानं पोटात घाला. माझ्यापासून काही लपवलं असेल, तर ते मात्र पोटात ठेवू नका.