धुकं आहे तोवर

(धुक्यामुळे थांबलेली गोदी. क्रेनच्या उंच केबिनमध्ये ताई. खाली धक्क्यावर, तिला हातानं इशारे देणारे मामा. दोघांकडे वॉकीटॉकी.)

मामा : बटण सोड, बटण! अगं, केव्हापासून दाबून ठेवलंयस. अख्खी गोदी ऐकतेय.

ताई : अगं बाई! काय काय ऐकलंत?

मामा : ती बाई सासरच्या घराला बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली विहिरीत टाकते, इथपर्यंत. ट्रकवाले कान टवकारून उभे होते.

ताई : मेले मी. मला वाटलं, मनात वाचतेय.

मामा : मनात कसली, चांगलं खणखणीत चाललं होतं. दुसऱ्या लाईनवर ये, इथं नको.

ताई : आले. बोला.

मामा : किल्ली टाकली. पुढं?

ताई : तुम्ही रागवायला बोलावलंत की गोष्ट ऐकायला?

मामा : रागावेन नंतर. धुकं आहे तोवर तुलाही काम नाही, मलाही नाही.

ताई : थांबा, थर्मासमधला चहा ओतून घेते. काय सुख आहे हो इथं! चारी काचा पांढऱ्याफटक. जहाज नाही, समुद्र नाही. लिफ्ट बंद, म्हणजे वर कोणी येणार नाही. पाय हीटरजवळ आणि पुस्तक मांडीवर.

मामा : अडकून पडलीयस आणि सुख म्हणे!

ताई : अडकते ती घरी. दोन खोल्या, सात माणसं. पुस्तक उघडलं की सासूबाई विचारतात, बरं वाटत नाही का? नवरा म्हणतो, दिवा मालव. न्हाणीघरात वाचत बसले तर पोरं दार बडवतात. ही एवढीशी केबिन तेवढी माझी. आज इथली शेवटची पाळी, सोमवारी तीही जाणार.

मामा : तुम्हाला सगळ्यांना खाली हॉलमध्ये बसवणार ना?

ताई : हो. पडद्यावर बघून क्रेन चालवायची आणि पाठीमागे मुकादमाची खुर्ची. तिथं पुस्तक काढून तर बघावं! आज संपलं नाही, तर हे पुस्तक कायमचं अर्धवट राहणार. खरं सांगते, रडू येतं.

मामा : रड मागाहून, आधी वाच.

ताई : एवढी आवड आहे तर पुस्तकच नेता का?

मामा : नको. हल्ली अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. तू वाच.

ताई : बरं. ‘किल्ली पाण्यात पडल्याचा आवाज आलाच नाही. दगडावर आपटल्याचा आला. विहीर कोरडी होती. आता कोणीही खाली उतरून ती आणू शकत होतं.’

मामा : आयला! मग?

मुकादम : मग काय, मग काम! या लाईनवर दडून बसलात होय दोघं? धुकं उठलंय. जहाज सकाळपासून खोळंबलंय. मामा, इशारा द्या.

मामा : अजून दाट आहे, साहेब.

मुकादम : दाट? मला ऑफिसातून जहाजाचं नाव वाचता येतंय!

मामा : मला हुक दिसत नाही. हुक दिसल्याशिवाय हात करायचा नाही, तुमचाच नियम.

मुकादम : मला नियम शिकवू नका. धुकं नसताना धुकं दिसत असेल तर डोळे तपासायला पाठवतो. मग बसा घरी. पहिल्या लाईनवर या, वाट बघतोय.

ताई : गेला का? मामा, माझ्यापायी नोकरीवर कशाला पाणी सोडताय? काचा स्वच्छ झाल्यात. तुमची पिवळी टोपी दिसतेय, वर बघताय तेही दिसतंय. करा हात. पुस्तकाचं राहू दे.

मामा : हुक कुठं आहे गं?

ताई : कुठं म्हणजे? तुमच्या समोर तर आहे.

मामा : दाट आहे, ते तुझ्यापायी नव्हतो बोललो मी.

ताई : कधीपासून?

मामा : झाले काही महिने. लख्ख उन्हात भागतं. आज सकाळी धुकं पडलं तेव्हा जरा बरं वाटलं. सगळेच माझ्यासारखे झाले होते.

ताई : हात खालीच ठेवा. मी पहिल्या लाईनवर जातेय, तुम्ही काही बोलू नका. हं, मुकादम, केबिनमधून बोलतेय.

मुकादम : बोल. उचलतेस ना?

ताई : कशी उचलू? खाली उठलं असेल, वर अजून दाटच आहे. मला मामाच दिसत नाहीत.