गाण्यात न आलेली गल्ली

डोळ्यांत थेंब घालून दवाखान्याच्या बाकावर बसवलेल्या शिक्षिकेला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. शेजारी एक गायक आणि लहानपणापासून त्याला ओळखणारी शेजारीण बोलत बसले होते.

"तुझं ते गावाचं गाणं अजून वाजतं हो."

"विसाव्या वर्षी केलेलं ते, काकू. आता मलाच ऐकवत नाही."

"का रे? चांगलं आहे की. पूल आला, घड्याळाचा मनोरा आला, एकेक गल्ली नाव घेऊन आली."

"हो."

"आपलीच तेवढी राहिली."

"चालीत बसत नव्हती."

"असं होय."

"खरं सांगू, काकू? दारात उघडं गटार होतं आपल्या. लाज वाटायची मला."

"ठाऊक आहे. तुझ्या आईलाही ठाऊक होतं."

"कधी बोलली नाही ती."

"बोलेल कशाला? भांडी घासताना तेच गाणं म्हणायची. तिसऱ्या कडव्यात आपली गल्ली घालून."

शिक्षिकेनं मिटल्या डोळ्यांनीच मान थोडी तिकडे वळवली.

"बसायची चालीत?" गायकानं विचारलं.

"बसायची की. शेवटी जरा ओढून म्हणायची, इतकंच."