आवडाबाईचा माईक

(घोडबंदर रोडवरचं ओवळे गाव. लग्नाचा आदला दिवस, टळटळीत दुपार. मांडवाच्या बांबूंपुढे राघोची नवी मारुती व्हॅन उभी. मागचं दार उघडून त्याचा कल्याणचा दोस्त नाथा वायरींत डोकं घालून बसलाय. राघो ड्रायव्हरच्या जागेवर, बाजूच्या सीटवर त्याची आई आवडाबाई.)

नाथा : आता किल्ली फिरव. एकच टप्पा. गाडी चालू नको करू.

राघो : फिरवली. डेकला लाईट आली. कॅसेट पण फिरतेय.

नाथा : आणि इकडे अँप्लिफायर मेल्यासारखा पडलाय. दिवा नाय, काय नाय.

राघो : तू बोललेलास तासाभराचं काम आहे. सकाळपासून माझी नवी गाडी फाडून ठेवलीयस. संध्याकाळी हळद आहे, पाहुणे यायला लागतील, आणि मागची सीट बघ कुठे पडलीय, अंगणात.

नाथा : मी बोललेलो, करून बघतो. दुकानात माझ्याकडे रेडिओ येतात, टू-इन-वन येतात. गाडीत अँप आणि वूफर मी पहिल्यांदाच बसवतोय, हे तुला माहीत होतं. तरी बोलावलंस, कारण लग्नसराईत तुला दुसरा कोण भेटला नाय.

आवडाबाई : भांडू नका रं. नाथा, तू सावकास कर. माज्या राघोनं माज्यासाठी आनलंय ते, होईल बरोबर.

नाथा : तुमच्यासाठी, मावशी?

राघो : नाथा, तू वायर बघ ना.

आवडाबाई : मग कोनासाठी? उद्या शेवंतीचं लगीन, न धवला मी म्हननार. गला आता पयल्यासारखा नाय ऱ्हायला. न यानं मांडव घातलाय पार सडकेपरत. मागच्या बायकांना काय ऐकू जाईल? मी तेच बोलत व्हते, तर हा बोलला, आये, तू फिकीर नको करू, मी मोठा भोंगा आनतो.

नाथा : धवला म्हणजे गाणं ना?

आवडाबाई : गानं नाय रं बाबा. तुमच्यात भटजी लगीन लावतो, तसं आमच्यात धवलारीन लावते. ती म्हनते तवा हलद लागते, ती म्हनते तवा अंतरपाट सुटतो. कोलशेतपासून पार गायमुखापरत इचार, कोनाची पोर माज्या धवल्याबिगर सासरी गेलीय का. सगल्यांच्या पोरी झाल्या. आता माजी.

राघो : आये, तू आत जा ना. ऊन लागतंय.

आवडाबाई : गारीत कसलं ऊन? बसू दे मना. पयल्यांदाच बसलेय तुज्या गारीत.

नाथा : थांब, थांब. ही निळी वायर इकडे अँपच्या मागे नुसती लोंबकळतेय. डेक चालू झाला हे अँपला हिनंच तर कळतं. मीच लावायची विसरलो. जोडतो, तू टेप लाव. आता?

राघो : आता काय ते मला कसं दिसणार, मी पुढे आहे.

नाथा : हिरवा दिवा आला. वाजव.

राघो : आईशप्पथ. पाठीत धक्का बसतोय रे.

आवडाबाई : बाय बाय बाय. छातीत कोनीतरी बुक्की मारतंय. पन बेंजो चांगला वाजतोय, नाथा.

नाथा : आता गाडी चालू कर. खरी गंमत चालू गाडीत कळते.

राघो : केली. हे काय कुईं कुईं करतंय?

नाथा : ॲक्सिलेटर दे.

राघो : दिला. आवाज पण चढला. सोडला की उतरतो. बघ. मांडवात लोक काय बोलतील, राघोच्या गाडीत मांजर बसलंय?

नाथा : इंजिनचा करंट आत घुसतोय. अर्थिंग नीट नाय. मी सकाळीच बोललेलो, सीटच्या बोल्टखालचा रंग खरवडू दे, खालचा पत्रा लागला पाहिजे. रंगावर अर्थ बसत नाय.

राघो : शोरूममधून काढून महिना नाय झाला. रंग खरवडायचा नाय बोललो ना. दुसरं काय ते कर.

नाथा : दुसरं काय नसतं त्यात.

आवडाबाई : खरवडू दे ना रं. खाली कोन बगतंय? उद्या मी धवला म्हनायला उबी ऱ्हायले, न मागून ही कुईं कुईं आली तर बरं दिसंल का?

राघो : उद्या गाडी बंदच राहणार आहे, आये.

आवडाबाई : बरं, माईक कुठं घालायचा तो तर दाव. म्हंजे मी आजच हलदीला घेऊन बगते.

नाथा : माईक? यात माईकची जागा नसते, मावशी. हा गाडीचा अँप. कॅसेट लावायची, बाकी काय नाय.

राघो : नाथा.

नाथा : काय नाथा? नाय तर नाय. माझ्याकडे मागितला असतास तर मांडवाचा वेगळा सेट आणला असता, माईकसकट. तू बोललास फक्त आवाज पाहिजे. खूप मोठा पाहिजे, मांडव हलला पाहिजे.

आवडाबाई : राघो, तू मना माईक बोललास.

राघो : बोललो असेन. आणू नंतर.

आवडाबाई : नंतर कवा? लगीन उद्या हाय.

राघो : आये, गाडी बंद करू दे मला, डोकं उठलंय. हे बघ. उद्या भटजी येणार आहे. डोंबिवलीवरून.

आवडाबाई : कशाला?

राघो : लग्न लावायला. आता सत्त्याण्णव साल चालू आहे, आये. आता सगळीकडे भटजीच लावतो.

आवडाबाई : कोनी सांगितला?

राघो : त्यांच्याकडून सांगितलंय. नवऱ्याकडच्यांनी. आपण मुलीवाले, आपण काय बोलणार? मला पण नाय आवडलं. पण शेवंतीला तिथं राहायचंय.

आवडाबाई : गोदी असं बोलली?

राघो : कोण गोदी?

आवडाबाई : माजी इहीन. गोदूबाई. शेवंतीची सासू. तिच्या लग्नात मीच म्हनलेले धवले. तिच्या बापसानं मना लुगरं नेसवलेलं, ते अजून हाय पेटीत. ती असं बोलायची नाय. मी जाते डोंबिवलीला, तिच्या घरी. मांडववाल्याचा टेम्पो परत जातंय, त्यात बसते न समोर बसून इचारते तिला.

राघो : नको.

आवडाबाई : का नको? घरचीच मानसं हायत. भांडायला नाय जात. इचारायला जाते.

राघो : तू तिथं जाऊन तमाशा नको करू, आये. खरंच नको.

आवडाबाई : मग खरं बोल.

नाथा : राघो, मी जरा पाणी पिऊन येतो.

आवडाबाई : तू बस, नाथा. तू काय परका नाय. न हा तुज्यासमोर तरी खोटं बोलायचा नाय. बोल रं.

राघो : ते लोक काय बोललेच नाहीत. उलट गोदूमावशीनी साखरपुड्यात विचारलेलं, आवडाबाईंचा गळा बरा आहे ना म्हणून.

आवडाबाई : मग?

राघो : शेवंती बोलली.

आवडाबाई : काय बोलली?

राघो : जाऊ दे ना, आये.

आवडाबाई : काय बोलली ते सांग मना.

राघो : तिच्या ऑफिसातले येणार आहेत ठाण्यावरून. साहेब, मैत्रिणी, सगळे. बोलली, आई तिथं हात वर करून ते गायला लागली तर मला मान वर करता यायची नाय. भटजी बोलव, आणि आईला तू सांग. मी किती दिवस सांगायचं सांगायचं करत होतो. तुझं तोंड बघितलं की जीभच उचलत नव्हती.

आवडाबाई : मग हे कशाला आनलंस?

राघो : वाजवायला.

आवडाबाई : कवा वाजवायला?

राघो : आये.

आवडाबाई : मी म्हनायला लागले तर वाजवायला. हो ना? म्हनून मांडव हलला पायजे.

राघो : मला वाटलं, सांगण्यापेक्षा ते बरं. गाणी चालू असली की तू आपणहून थांबशील. कोणाला कळणार नाय, तुझा अपमान पण होणार नाय.

नाथा : हे मला माहीत असतं ना राघो, तर मी कल्याणवरून आलोच नसतो.

राघो : तू नको शिकवू आता.

आवडाबाई : रोज सकाली ती मना जेष्ठमध उगालून देते. शेवंती. मी ताक सोडलं, लोनचं सोडलं, तर ती बोलली, बरं केलंस, आई, गला जप. वाटी माज्या हातात देते न माज्याकडं बगत उबी ऱ्हाते, मी संपवीपरत. मना वाटायचं, पोर सासरी चालली, जीव तुटतंय तिचा.

राघो : तुटतोच ना. तिचा पण तुटतो. रडली ती मला सांगताना.

आवडाबाई : रडली, पन बोलली.

राघो : मी आत्ता जाऊन तिला सांगतो. काय होईल ते होऊ दे.

आवडाबाई : हलदीच्या दिवशी पोरीला रडवायचं नाय. बस खाली. नाथा, ते कुईं कुईं ऱ्हायलंच की रं.

नाथा : राहू दे, मावशी. मी सगळं काढून टाकतो. तासाभरात गाडी होती तशी करून देतो.

आवडाबाई : काडू नको. धरलेलं काम अर्ध्यावर सोडायचं नाय. पुरं कर. माज्यासमोर कर.

नाथा : रंग खरवडावा लागेल. राघो?

राघो : खरवड.

नाथा : नक्की?

राघो : खरवड बोललो ना. पाहिजे तेवढा खरवड.

नाथा : पॉलिशपेपर दे तो, तुझ्या पायाशी आहे. हां. निघाला रंग. आता पत्रा दिसतोय. वायर आवळतो. चालू कर गाडी, रेस दे.

राघो : दिली.

नाथा : ऐक. गेला आवाज. एकदम साफ.

आवडाबाई : दारं लावून घ्या सगली. मागचं पन. आता वाजव. अजून वाढव. तो पोरगा बांबू ठोकतंय, त्याचं काय ऐकू येत नाय हितं.

नाथा : नाय येणार, मावशी. वूफर लागला की बाहेरचं काहीच ऐकू येत नाय.

राघो : बंद करतो मी हे. आये, ऐक माझं. भटजी येऊ दे, पण तू पण म्हण. दोन धवले म्हण. थोडंसं. शेवंतीला मी समजावतो.

आवडाबाई : थोडंसं लगीन लागत नसतं, राघो.

राघो : मग उद्या काय करणारेस तू? घरात बसणारेस? लोक विचारतील.

आवडाबाई : सगलं करनार. पाय धुनार, ओटी भरनार, इहिनीला मिठी मारनार. फकस्त अंतरपाट धरला का माजं तोंड आपसूक उघरतं, सवय हाय. तवा तेवढ्या येलेपुरतं मना हितं आनून बसव. दारं लाव, न हे मोठ्यानं लाव.