सोमवारची सुट्टी, दोन दशांशांपर्यंत

(बस डेपोची संगणक खोली. रविवार दुपार. नवरा ड्रायव्हरच्या वर्दीत, बायको पडद्यासमोर.)

नवरा : ...आणि यादीच्या फळ्यापुढे ड्रायव्हर नाचतायत, अगं! एकशे चाळीसच्या एकशे चाळीस जणांना सोमवारी सुट्टी. मलासुद्धा!

बायको : नाचू द्या. पाच मिनिटांत थांबवते.

नवरा : थांबवतेस? अकरा वर्षांत पहिल्यांदा आपली सुट्टी एका दिवशी आली. तुझी सोमवारी, माझी गुरुवारी. आपण संसार करतो की ड्यूटी बदलतो?

बायको : अहो, उद्या एकही बस निघणार नाही.

नवरा : चालतील लोक एक दिवस. तब्येतीला बरं. पण हे झालं कसं?

बायको : माझ्या हातून. सुट्टीचा वार ठरवणारा जुना प्रोग्राम आहे, कोबॉल भाषेतला. नोकरीच्या क्रमांकाला चारने भागतो, बाकी उरेल तो वार. तुमचा क्रमांक चौदाशे पंधरा. चारने भागा.

नवरा : मी गियर टाकणारा माणूस. तूच भाग.

बायको : तीनशे त्रेपन्न, बाकी तीन. तीन म्हणजे गुरुवार. माझा चौदाशे बारा. बाकी शून्य, म्हणजे सोमवार.

नवरा : मग?

बायको : साहेब म्हणाले, भागाकार दोन दशांशांपर्यंत छापा, पान भारदस्त दिसतं. मी भागाकाराचा रकाना दोन घरांनी वाढवला. आता त्यात तीनशे त्रेपन्न पॉइंट पंच्याहत्तर मावतं. आणि कोबॉल काय करतं, रकान्यात जेवढं मावलं त्याला चारने गुणतं, ते मूळ आकड्यातून वजा करतं आणि त्यालाच बाकी म्हणतं.

नवरा : म्हणजे चौदाशे पंधरातून चौदाशे पंधरा गेले.

बायको : उरलं शून्य. तुमचं, सगळ्यांचंच.

(फोन वाजतो. बायको उचलते.)

साहेब (फोनवर) : बाई, उद्या बस मी चालवू का?

बायको : नको साहेब, प्रवाशांनी काय बिघडवलंय? छापायला वेगळा रकाना देते, बाकीसाठी पूर्णांकाचा. नवी यादी लावतेच.

साहेब : पण दशांश दिसतील ना?

बायको : दिसतील साहेब. नुसते दिसतील.

नवरा : ठेवला फोन? मग माझ्यापुरतं शून्य राहू दे ना.

बायको : एकशे एकोणचाळीस जण दारात येऊन उभे राहतील. आणि क्रमांक भरतीच्या रांगेनुसार मिळाले, तेव्हा तुम्ही माझ्या मागेच होतात. सभ्यपणा दाखवायला दोघांना पुढे सोडलंत!

नवरा : नसतं सोडलं तरी बाकी एक उरलीच असती.

बायको : मंगळवार मिळाला असता. निदान शेजारचा वार.

नवरा : तू बघत होतीस म्हणून सोडलं.

बायको : माहितेय. बघतच होते. ...झाली यादी. उद्या सकाळी सहा, बारा नंबरचा मार्ग.

नवरा : आणि तू घरी.

बायको : घरी कशाला? सहाला तुमच्या मागची पहिली सीट रिकामी असते ना?

नवरा : असते. पण वर पाटी आहे, चालकाशी बोलू नये.

बायको : नाही बोलणार. शेवटच्या थांब्यापर्यंत नुसती बसेन.